गुडघ्याखालची पोकळी

लिगामेंटचं ऑपरेशन झालेला माणूस पहिल्यांदा माझ्याकडे येतो तेव्हा त्याचा प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, मांडी कधी घालता येईल?" सोबतच्या आईला किंवा बायकोला जिन्याची काळजी असते, संडासाला बसण्याची असते, गाडीला किक मारण्याची असते. सगळे प्रश्न वाकण्याचे. पाय पूर्ण सरळ कधी होईल, असं विचारणारं माणूस क्वचितच भेटतं. मी मात्र त्याला पाठीवर झोपवते, पाय सैल सोडायला सांगते आणि दोन्ही गुडघ्यांखाली हात सरकवून बघते. चांगल्या पायाच्या गुडघ्याखाली हात अडतो. ऑपरेशनच्या पायाखालून तो आरपार निघतो. तिथे किती पोकळी आहे, त्यावरून हा गुडघा पुढे किती त्रास देणार आहे याचा मला बराच अंदाज येतो.

मी मोशीत फिजिओथेरपी करते. पुणे-नाशिक महामार्ग आणि देहू-आळंदी रस्ता इथे एकमेकांना छेदतात. सकाळच्या शिफ्टला इंद्रायणीचा पूल ओलांडून चिंबळी, कुरुळी करत चाकणकडे दुचाक्यांची रांग लागते. संध्याकाळी मैदानावर दिवे लावून कबड्डी चालते, भोसरीपासून चऱ्होलीपर्यंत तालमी आहेत, आणि कंपनीत शॉपफ्लोअरवर कुलंट सांडलेल्या जागी पाय घसरायला वेळ लागत नाही. गुडघ्याच्या लिगामेंटला लागणारं सगळं काही या पाच-दहा किलोमीटरमध्ये हजर आहे.

फाटतं बहुतेक वेळा एकच लिगामेंट. गुडघ्याच्या आत दोन लिगामेंट एकमेकांवरून फुलीसारखी जातात. त्यातलं पुढचं, डॉक्टर ज्याला एसीएल म्हणतात ते. लांबी जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर. नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये, हे त्याचं काम. तुटायला कुणाचा धक्का लागतोच असं नाही. रेडर चढाई करून मागे वळतो, तळपाय मातीत रुतलेला राहतो आणि अंग वळतं; किंवा उडी मारून उतरताना गुडघा आत कलतो. आतून 'कट्' असा आवाज येतो. अनेक जण सांगतात की आवाज शेजारच्या गड्यालाही ऐकू गेला. दोन-चार तासांत गुडघा टरारून सुजतो, कारण आत रक्त साठतं. एक्स-रे काढला तर हाड शाबूत दिसतं, म्हणून घरचे सुटकेचा श्वास टाकतात. महिनाभरात सूज उतरते, माणूस चालायला लागतो, आणि एके दिवशी जिना उतरताना किंवा गाडीवरून पाय टेकताना गुडघा दगा देतो. मुलींच्या बाबतीत हा धोका मुलग्यांपेक्षा दोन-तीन पट किंवा त्याहून जास्त असतो. कबड्डी-खोखोच्या शाळकरी मुलींच्या पालकांनी हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

आता सरळ होण्याचं एवढं महत्त्व का, ते सांगते. उभं राहताना गुडघा शेवटच्या काही अंशांत सरळ होतो तेव्हा नडगीचं हाड किंचित बाहेरच्या बाजूला फिरतं आणि सांधा आपोआप लॉक होतो. मग उभं राहायला मांडीच्या स्नायूला फारसं काम उरत नाही. बहुतेकांचा गुडघा तर शून्य अंशाच्याही थोडा मागे जातो. तुमचा चांगला गुडघा तीन-चार अंश मागे जात असेल आणि ऑपरेशनचा जेमतेम शून्यावर थांबत असेल, तर कागदावर 'सरळ' लिहिलं तरी तो सरळ नाही. सांध्याला सवय तुमच्या दुसऱ्या पायाची आहे, पुस्तकातल्या शून्याची नाही. गुडघा सरळ होत नाही तेव्हा प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढचा स्नायू ताणलेला राहतो, वाटीवर दाब येतो, आणि चालीत एक बारीक लंगड शिरते. पाच अंश कमी वाकणाऱ्या गुडघ्याची गैरसोय फक्त खाली बसताना होते. पाच अंश कमी सरळ होणारा गुडघा दिवसातल्या हरेक पावलाला नडतो. चाकणच्या असेंब्ली लाइनवर आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

हे ज्ञान तसं अलीकडचं, शस्त्रक्रिया मात्र जुनी. १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला मेयो रॉब्सन या सर्जनने ४१ वर्षांच्या एका कोळसा खाणकामगाराच्या गुडघ्यातली तुटलेली लिगामेंट टाक्यांनी शिवली. या प्रकारच्या शस्त्रक्रियेची ही पहिली नोंद मानतात. सहा वर्षांनी तो कामगार लंगडत नव्हता, पुन्हा खाणीत काम करत होता. ही शस्त्रक्रिया सुरू झाली ती अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या गुडघ्यापासून, खेळाडूच्या नव्हे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी मांडीच्या बाजूची पट्टी वापरून नवं लिगामेंट तयार केलं. आजही तत्त्व तेच आहे. शरीरातलाच एक कंडरा काढायचा, मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा, आणि हाडात बोगदे पाडून तो जुन्या लिगामेंटच्या जागी बसवायचा.

शस्त्रक्रिया सुधारत गेली, पण तिच्यानंतरची वागणूक कित्येक दशकं तीच राहिली. पाय सहा-सहा आठवडे प्लास्टरमध्ये, तोही वाकलेल्या अवस्थेत, म्हणजे नव्या लिगामेंटवर ताण नको. प्लास्टर निघायचं तेव्हा मांडी काडीसारखी आणि गुडघा अडकलेला. १९८० च्या दशकात अमेरिकेत इंडियानापोलिसला डोनाल्ड शेलबोर्न या सर्जनच्या एक गोष्ट लक्षात आली. त्यांनी सांगितलेली बंधनं न पाळणारे, लवकर पाय सरळ करणारे, लवकर चालायला लागलेले पेशंट उलट जास्त चांगले होत होते, आणि त्यांचं नवं लिगामेंट सैलही पडत नव्हतं. शेलबोर्न यांनी पेशंटना रागावण्याऐवजी आपली पद्धत बदलली आणि १९९० मध्ये ती प्रसिद्ध केली. पहिल्या दिवसापासून पूर्ण सरळ पाय, लवकर चालणं, लवकर वाकवणं. आज जगभर जे सांगितलं जातं त्याचा पाया हाच. १९९१ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली : दुखापतीनंतर पहिल्या आठवड्यात, सुजलेल्या गुडघ्यावर घाईने ऑपरेशन केलं तर गुडघा आखडण्याचं प्रमाण वाढतं. आधी सूज उतरू द्यावी, पाय सरळ होऊ द्यावा, मग टेबलावर घ्यावं. पुढे त्यांच्याच गटाने आपल्या पेशंटचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दुसऱ्या पायाच्या तुलनेत गुडघा तीन ते पाच अंशांनी जरी कमी सरळ झालेला असला, तरी पुढे एक्स-रेमध्ये झीज दिसण्याचं प्रमाण जास्त होतं. तीन अंश म्हणजे डोळ्यांना कळतसुद्धा नाहीत.

डोळ्यांना कळत नाहीत, पण घरी मोजता येतात. पलंगावर पालथं झोपायचं, गुडघ्याच्या वाट्या पलंगाच्या कडेवर, नडग्या आणि पावलं बाहेर अधांतरी. पाय सैल सोडायचे. घरातल्या कुणी तरी मागे उभं राहून दोन्ही टाचा बघायच्या. एक टाच वर राहिली असेल तर दोन टाचांमधलं अंतर पट्टीने मोजायचं. साधारण एक सेंटिमीटर म्हणजे एक अंश. मी गोनिओमीटर, म्हणजे कोनमापक, लावून मोजते, पण आईच्या हातातली शाळेची पट्टीही खोटं सांगत नाही.

पाय सरळ का होत नाही? कारणं तीन-चार. सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून येणारा हुकूमच दबतो, माणूस म्हणतो, "मी जोर लावतो, पण मांडी उचलतच नाही." तो आळशी नसतो, खरंच स्नायू चालू होत नसतो. दुसरं, सांध्याच्या आवरणात आतून चिकटपणा येतो. तिसरं, नव्या लिगामेंटच्या पुढे कधी कधी जखमेच्या ऊतीची एक गाठ तयार होते आणि पाय सरळ करताना ती हाडांमध्ये अडकते. असा पेशंट सांगतो की शेवटी काही तरी आडवं येतंय, समोर टोचतंय. ही गाठ व्यायामाने जात नाही. दुर्बिणीतून काढावी लागते.

आणि चौथं कारण म्हणजे उशी. माझ्याकडे येणाऱ्या आखडलेल्या गुडघ्यांमागे मला सगळ्यात जास्त वेळा हीच सापडते. ऑपरेशन झालेला मुलगा विव्हळतो, आई गुडघ्याखाली उशी सरकवते, वाकलेल्या गुडघ्याला बरं वाटतं, आणि तो तसाच झोपतो. आठवड्यामागून आठवडे. माया खरी असते, पण गुडघा त्या वाकलेल्या आकारातच बसत जातो. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या, गुडघा अधांतरी राहू द्या. टॉवेलची जाड गुंडाळी टाचेखाली, दिवसातून अनेक वेळा, दहा-दहा मिनिटं, आणि मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा.

असाच एक मुलगा आठवतो. चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, जत्रेच्या सामन्यात गुडघा गेला. ऑपरेशन नीट झालं होतं. मग दीड महिना उशी. माझ्याकडे आला तेव्हा मोजमाप दहा अंशांच्या घरात. घरी वजनाचा पट्टा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने एक किलो मिठाची पिशवी मोज्यात घालून घोट्याला बांधली आणि पालथा झोपून पाय लोंबकळत ठेवायचा. मोबाइलवर भजन लावायचा, भजन संपेपर्यंत पाय हलवायचा नाही. पहिल्या दिवसांत पोटरीत गोळे यायचे, डोळ्यांत पाणी यायचं. त्याची आई भिंतीवर पेन्सिलने खुणा करत गेली, टाच किती वर आहे त्याच्या. वरची खूण, त्याच्याखाली खूण, मग बरेच दिवस खूण जागची हलेना, मग पुन्हा खाली. वाकणं त्याला तुलनेने लवकर मिळालं. सरळ व्हायला मात्र काही महिने लागले, आणि तो झाला.

ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला एक फसवा काळ येतो. दुखणं थांबलेलं असतं, चाल सुधारलेली असते, माणसाला वाटतं झालं. आत वेगळंच चाललेलं असतं. बसवलेल्या कंडऱ्याला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तो आधी अशक्त होतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी शिरतात आणि हळूहळू तो लिगामेंटसारखा होतो. मावळात भाताची लावणी केल्यावर रोप काही दिवस मान टाकतं, पिवळं पडतं आणि मग मूळ धरतं, तसंच हे. माणसाला सगळ्यात जास्त उत्साह असतो नेमका तेव्हा कंडरा कच्चा असतो. ऑस्लो आणि डेलावेअरच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मी प्रत्येक खेळाडूला सांगते : ऑपरेशननंतर नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितके महिने पुढे ढकललं, तितकं पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण दर महिन्याला जवळपास निम्म्याने घटत गेलं.

पेपरमधल्या पुनरागमनाच्या बातम्या या बाबतीत दिशाभूल करतात. सांगलीची स्मृती मानधना जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात बिग बॅश खेळताना जखमी झाली, एसीएलची दुखापत. जूनमध्ये इंग्लंडमधल्या विश्वचषकात ती सलामीला उतरली आणि पहिल्या सामन्यात ९०, दुसऱ्यात नाबाद १०६. त्या मुलीच्या जिद्दीला तोड नाही. पण गल्लीतल्या प्रत्येक मुलाने पाच महिन्यांचा तो हिशोब डोक्यात घेतला तर गुडघे पुन्हा फाटतील. त्याऐवजी ऋषभ पंतकडे बघा. ३० डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातात त्याच्या उजव्या गुडघ्याची लिगामेंट तुटली, जानेवारीत मुंबईत कोकिलाबेन रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, आणि तो आयपीएलच्या मैदानावर उतरला मार्च २०२४ मध्ये. जवळपास पंधरा महिने. त्याच्या मागे राष्ट्रीय क्रिकेट अकादमी होती, रोजचे फिजिओ होते, आहार होता, पगाराची चिंता नव्हती. तरीही पंधरा महिने.

प्रत्येक फाटलेल्या लिगामेंटला ऑपरेशन लागतंच का, असं विचारणारे असतात, आणि त्यांना उत्तर मिळायला हवं. स्वीडनमध्ये १२१ तरुण, धडधाकट माणसांवर याचा नीट अभ्यास झाला. अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन, बाकीच्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तर नंतर ऑपरेशन. २०१० मध्ये दोन वर्षांचे निष्कर्ष आले : दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या तक्रारींत फरक नव्हता. पाच वर्षांपर्यंत दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्या लोकांनी ऑपरेशन करून घेतलं, निम्म्यांना गरज पडली नाही. पन्नाशीतला माणूस, ज्याला आळंदीला चालत जायचंय, शेतावर चक्कर मारायचीय, त्याचा गुडघा व्यायामानंतर दगा देत नसेल तर तो बिनऑपरेशनचा नीट जगू शकतो. कबड्डी, कुस्ती खेळणाऱ्याचं, गुडघा वारंवार सटकणाऱ्याचं, सोबत दोन हाडांमधली गादी फाटून गुडघा अडकणाऱ्याचं गणित वेगळं. हे ठरवायचं ऑर्थोपेडिक सर्जनने पेशंटशी बोलून. मालिशवाल्याने किंवा हाडवैद्याने ताज्या सुजलेल्या गुडघ्याला झटका देऊन नव्हे. तालमीतल्या वस्तादांबद्दल मला आदर आहे, मुलांना ते बापासारखं सांभाळतात. म्हणूनच त्यांना हात जोडून सांगते की असा गुडघा चोळू नका.

आणि ऑपरेशन केलं म्हणजे झीज टळली, हाही गैरसमज आहे. लिगामेंट किंवा गादी फाटलेल्या माणसांपैकी सुमारे निम्म्यांना दहा ते वीस वर्षांत गुडघ्याची झीज होते, असं दीर्घकाळच्या अभ्यासांतून दिसलंय. विशीत कबड्डी खेळताना गुडघा गेलेला मुलगा चाळिशीच्या आत म्हाताऱ्यासारखा जिन्याचा कठडा धरतो. आपल्या हातात काय आहे? पूर्ण हालचाल, मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या बरोबरीला आणणं, वजन आटोक्यात ठेवणं, आणि पुन्हा दुखापत न होऊ देणं. मांडी घालण्याला मी विरोध करत नाही. उकिडवं बसणं, पंगतीला बसणं, कीर्तनात दोन तास मांडी घालून बसणं हे आपल्या जगण्याचा भाग आहे आणि त्यासाठी गुडघा ११० अंशांच्या पुष्कळ पुढे वाकावा लागतो. साधं चालताना तो साठ-पासष्ट अंशच वाकतो. वाकणं सावकाश, महिन्या-महिन्याने मिळवता येतं. सरळ होण्याला मात्र सुरुवातीचे आठवडे मोलाचे असतात. ते गेले की प्रत्येक अंश झगडून मिळवावा लागतो.

हे सगळं करायला वेळ लागतो, आणि मोशी-चाकणच्या माणसाकडे नेमका वेळ नसतो. ठेकेदाराचा फोन महिन्याच्या आत येतो. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या, आजारपणाच्या लाभात पगाराच्या ७० टक्के मिळतात, पण वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. ९१ दिवस म्हणजे तीन महिने, म्हणजे कंडरा कच्चा असतानाच माणूस पुन्हा लाइनवर उभा. अनेकांनी याच टप्प्यावर व्यायाम सोडलेला मी पाहिलाय, कारण आठ तास उभं राहून, दोन तास गाडीवर घालवून घरी आलेल्या माणसात पालथं झोपून टाच मोजण्याचं त्राण उरत नाही. कारखान्यांतल्या एचआरवाल्यांना आणि ठेकेदारांना माझं कळकळीचं सांगणं आहे : अशा कामगाराला सहा महिने तरी बसून करायचं काम द्या. तपासणी, नोंदी, स्टोअर, काहीही.

आणि कामगारांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. दुखापत कामावर झाली असेल तर ती आजारपणात मोडत नाही. ती नोकरीतली इजा आहे, आणि ईएसआयमध्ये तिला पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम, तात्पुरती असमर्थता असेपर्यंत मिळते. ९१ दिवसांची मर्यादा तिथे नाही. कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दाखवता आला तर, नोकरीतली इजा धरला जातो. २०१७ पासून महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू आहे, ठेकेदाराकडच्या कामगारांनाही. नाशिक हायवेवर शिफ्टला जाताना गाडी घसरली आणि गुडघा गेला, तर त्याच दिवशी कंपनीला कळवा, अपघाताची लेखी नोंद करून घ्या आणि दवाखान्याच्या पहिल्या कागदावर 'कामावर जाताना अपघात' असं लिहून घ्या. कागदावरची ती एक ओळ तुमच्या गुडघ्याला लागणारे नऊ महिने मिळवून देऊ शकते.